चेर्नोबिलच्या झोनमध्ये चोरून जाणारा कादंबरीकार, आणि तिथला किरणोत्सर्ग

युक्रेनच्या मार्कियान कामिश या कादंबरीकाराबद्दल पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. चेर्नोबिलच्या ओसाड टापूत वारंवार जाऊन, तिथल्या रिकाम्या घरांत झोपून, तिथलं पाणी पिऊन हा जिवंत कसा? आणि तिथे जाऊन माणूस जिवंत राहत असेल, तर तो टापू इतकी वर्षं बंद का ठेवलाय? वरवर पाहता यातलं एकच काहीतरी खरं असायला हवं. प्रत्यक्षात दोन्ही खरं आहे. थोडे दिवस तिथे फिरून परत येता येतं, आणि तरीही ती जागा बंद ठेवावी लागते. हे कसं, ते समजलं की कामिशचं लिखाणही वेगळं वाचता येतं.

आधी माणसाची ओळख. कामिशचा जन्म १९८८ सालचा, कीव्हचा; म्हणजे स्फोटानंतर दोन वर्षांनी. त्याचे वडील ‘लिक्विडेटर’ होते. स्फोटानंतर आग विझवणं, मलबा उचलणं, गावं धुणं, माती खरवडून पुरणं या कामांवर सोव्हिएत सरकारने सुमारे ६ लाख लोक लावले, त्या सगळ्यांना हे नाव पडलं. त्यांत सैनिक होते, खाणकामगार होते, ड्रायव्हर होते, शास्त्रज्ञ होते. अशा घरात वाढलेल्या मुलाने विद्यापीठाचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि २०१० पासून तो रात्रीच्या अंधारात, परवाना न घेता, त्या प्रतिबंधित क्षेत्रात शिरायला लागला. तिथले लोक त्या क्षेत्राला नुसतं ‘झोन’ म्हणतात. या भटकंतीतून २०१५ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं. पुढे ते फ्रेंच आणि इटालियनमध्ये गेलं, आणि २०२२ मध्ये ‘स्टॉकिंग द अॅटॉमिक सिटी’ या नावाने इंग्रजीत आलं.

आता झोन म्हणजे काय, ते पाहू.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या भट्टीवर एक चाचणी चालू होती. वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंत, नुसत्या गतीवर फिरत राहिलेल्या टर्बाइनच्या जोरावर पाण्याचे पंप चालतील का, एवढंच बघायचं होतं. चाचणीच्या तयारीत भट्टीची शक्ती ठरल्यापेक्षा फारच खाली गेली. ती वर आणण्यासाठी, अणू फुटण्याची क्रिया आवरणारे जवळजवळ सगळे नियंत्रक दांडे बाहेर ओढले गेले. या जातीच्या भट्टीत दोन घातक दोष होते. आतल्या पाण्याची वाफ झाली की तिची शक्ती कमी होण्याऐवजी वाढायची. आणि भट्टी बंद करणाऱ्या दांड्यांची टोकं ग्रॅफाइटची होती, त्यामुळे दांडे आत शिरताना पहिले काही क्षण अणुविखंडनाला उलट जोरच मिळायचा. १ वाजून २३ मिनिटांनी बंद करण्याचं बटण दाबलं गेलं, आणि काही सेकंदांत भट्टीवरचं सुमारे २,००० टनांचं झाकण उडालं. भट्टीत यापैकी एक दोष आहे हे वरच्या पातळीवर आधीच माहीत होतं, पण बटण दाबणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत संतापजनक गोष्ट ही वाटते.

स्फोट एका क्षणात झाला, पण आग साधारण १० दिवस धुमसत राहिली. झोन समजून घ्यायचा तर हे १० दिवस महत्त्वाचे. वारा एका दिशेला राहिला नाही. पहिल्या तासांत तो पश्चिमेकडे वाहत होता, मग वायव्येला वळला, मग उत्तरेला, मग इतरत्र. इंधनाचे जड कण केंद्राच्या आसपासच पडले. आयोडिन आणि सीझियम यांसारखे हलके, बाष्प होणारे पदार्थ हजारो किलोमीटर गेले. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात २८ एप्रिलला एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे धोक्याचा इशारा देणारं यंत्र वाजलं, तेव्हा कुठे जगाला कळलं की काहीतरी झालं आहे. आणि हे ढग जिथून जात होते तिथे ज्या गावावर नेमका पाऊस पडला, ते गाव किरणोत्सर्गी कणांनी माखलं. शेजारचं कोरडं राहिलेलं गाव बचावलं.

म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ जमिनीवर सारखे पसरले नाहीत, ठिगळाठिगळांनी पडले. सरकारने मात्र नकाशावर केंद्राभोवती ३० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. घाईच्या वेळी दुसरं काय करणार? पण वर्तुळाच्या आत बऱ्यापैकी स्वच्छ जागा राहिल्या, आणि वर्तुळाबाहेर, बेलारूसमध्ये आणि रशियाच्या ब्रियान्स्क भागात, भयंकर माखलेल्या जागा सापडल्या. नंतर सीमा बदलत गेल्या. आज युक्रेनच्या बाजूचा झोन सुमारे २,६०० चौरस किलोमीटर आहे, आणि सीमेपलीकडे बेलारूसचं जवळजवळ तेवढंच मोठं राखीव रान आहे. १९८६ सालात १ लाखाहून जास्त माणसं उठवली गेली, पुढच्या वर्षांत आणखी २ लाखांहून जास्त. केंद्रापासून तीनेक किलोमीटरवरच्या प्रिप्यात शहरातले सुमारे ४९,००० लोक २७ एप्रिलच्या दुपारी बसमध्ये बसवले गेले. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं त्यांना सांगितलं होतं.

आता आकडे. थोडे आहेत, पण त्यांच्यावाचून कामिशच्या जिवंत राहण्याचा उलगडा होत नाही. शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा सिव्हर्टमध्ये मोजतात. मायक्रोसिव्हर्ट म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. साध्या शहरात तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. विमानात, दहा किलोमीटर उंचीवर, ती ३ ते ५ पर्यंत जाते. प्रिप्यातच्या डांबरी रस्त्यावर आज ती बहुतेक ठिकाणी १ च्या आतबाहेर असते. आठवडाभर अशा जागी राहिलं तर १६८ मायक्रोसिव्हर्ट होतात. निसर्गातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. आणि त्या रात्री छपरावर चढलेल्या अग्निशामक जवानांना काय मिळालं? काहींना ४० लाख मायक्रोसिव्हर्टहून जास्त, तेही काही तासांत. किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने त्या पहिल्या महिन्यांत जवान आणि कामगार मिळून २८ जण दगावले.

या हिशेबात आठ दिवस फिरून आलेला माणूस कुठे बसतो, ते उघड आहे. पण हाच हिशेब तिथे घर करून राहणाऱ्यासाठी मांडा. तासाला १ म्हटलं तर वर्षाला जवळपास ८,८०० मायक्रोसिव्हर्ट, दरवर्षी, लहान मुलांनाही. वर तिथल्या मातीतली भाजी, तिथल्या गाईचं दूध, तिथल्या लाकडाची चूल. शिवाय हे झालं बऱ्या जागेचं. केंद्राच्या पश्चिमेला पाइनचं एक जंगल पहिल्याच लोटात इतकं भाजलं की हिरवी झाडं तांबडी पडून मेली. बुलडोझरने ती पाडून तिथेच पुरली. त्या ‘तांबड्या जंगला’त आजही तासाला कित्येक दहा मायक्रोसिव्हर्ट मोजले जातात. प्रिप्यातच्या दवाखान्याच्या तळघरात जवानांचे अंगावरून उतरवलेले कपडे पडून राहिले, तो कोपरा तर शहरातला सर्वांत वाईट. रस्ता स्वच्छ, आणि दहा पावलांवरचं शेवाळ रस्त्याच्या कित्येक पट किरणोत्सर्गी, असं तिथे सर्रास असतं. डांबरावरचे कण पावसाने धुऊन जातात, शेवाळ आणि माती ते धरून ठेवतात.

अजून एक भेद फार महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक बातम्यांत हरवतो: किरण बाहेरून लागणं वेगळं, आणि किरणोत्सर्गी कण पोटात किंवा फुप्फुसात जाणं वेगळं. शेकोटीजवळ बसणं आणि निखारा गिळणं यात जेवढा फरक, तेवढा. शेकोटीपासून माणूस उठून जाऊ शकतो. स्ट्रॉन्शियम शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं. सीझियम पोटॅशियमसारखं वागतं, ते स्नायूंत पसरतं आणि काही महिन्यांत हळूहळू बाहेर पडतं. किरणोत्सर्गी आयोडिन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. १९८६ च्या उन्हाळ्यात माखलेल्या गवतावर चरलेल्या गाईंचं दूध मुलांनी प्यायलं, आणि पुढे त्या मुलांत थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण सापडले. पहिल्याच दिवसांत दूध बंद केलं असतं, साध्या आयोडिनच्या गोळ्या वेळेवर वाटल्या असत्या, तर यातले कितीतरी टळले असते.

हाच दुधाचा प्रश्न तेव्हा मुंबईपर्यंत आला होता. युरोपातून मदत म्हणून आलेल्या आयर्लंडच्या २०० टन लोण्यात चेर्नोबिलचा अंश असेल, अशी धास्ती इथे उठली. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे तज्ज्ञांची समिती नेमली गेली. लोणी खाण्यास सुरक्षित आहे असा तिचा निर्वाळा आला आणि १९८८ साली न्यायालयाने तो मान्य केला. यामागचं रसायन सोपं आहे. सीझियम पाण्यात विरघळतं, स्निग्धांशात नाही. दूध घुसळलं की ते बरंचसं ताकाच्या बाजूला राहतं. तरीही त्या वेळी लोकांनी प्रश्न विचारला आणि न्यायालयाने तो हसण्यावारी नेला नाही, हे मला योग्यच वाटतं.

बरं, मग हिरोशिमात आज माणसं राहतात आणि प्रिप्यातमध्ये का नाही? याचं उत्तर वजनात आहे. हिरोशिमावरच्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, त्यातल्या जेमतेम १ किलोचं विखंडन झालं. तोही जमिनीपासून सुमारे ६०० मीटर वर फुटला, त्यामुळे बराचसा अवशेष वर उडून पांगला. चेर्नोबिलच्या भट्टीत १९० टनांच्या आसपास इंधन होतं, वर्ष-दोन वर्षं जळून किरणोत्सर्गी राखेने भरलेलं, आणि ते जमिनीवर, उघड्यावर, १० दिवस धूर ओकत राहिलं.

काळाचा हिशेबही एकसारखा नाही. किरणोत्सर्गी आयोडिन दर ८ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यानंतर ते उरलंच नाही. सीझियम आणि स्ट्रॉन्शियम निम्मे व्हायला साधारण ३० वर्षं लागतात. २०१६ मध्ये ते निम्म्यावर आले, २०४६ च्या सुमारास पाव हिस्सा राहतील. प्लुटोनियमच्या एका प्रकाराला निम्मं व्हायला २४,००० वर्षं लागतात. आणि दुसरा एक प्रकार १४ वर्षांत निम्मा होतो खरा, पण होताना अमेरिशियम नावाचा पदार्थ बनवतो, ज्याला निम्मं व्हायला ४३२ वर्षं लागतात. म्हणजे झोनमध्ये बाकी सगळं कमी होत असताना अमेरिशियम या शतकाच्या मध्यापर्यंत वाढत जाणार आहे. त्याचे मुख्य किरण कातडीही भेदू शकत नाहीत. धुळीबरोबर श्वासात गेलं तर मात्र ते घातक. म्हणून झोनच्या नियमांत जमिनीवर बसू नका, काही उचलू नका, उघड्यावर खाऊ नका, असं लिहिलेलं असतं.

कामिश हे सगळे नियम मोडत आला.

तो आणि त्याच्यासारखे लोक स्वतःला ‘स्टॉकर’ म्हणवतात. हे नाव १९७२ सालच्या एका सोव्हिएत विज्ञान-कादंबरीतून आलं. तीत एक निषिद्ध, अनाकलनीय झोन आहे आणि त्यातून वस्तू चोरून आणणारी माणसं आहेत. प्रत्यक्षातला झोन त्यानंतर १४ वर्षांनी घडला. पुढे २००७ मध्ये कीव्हच्याच एका कंपनीने याच कल्पनेवर, पण चेर्नोबिलमध्ये घडणारा, व्हिडिओ गेम काढला आणि स्फोटानंतर जन्मलेल्या कितीतरी पोरांनी खरा झोन बघण्याआधी तो पडद्यावर पाहिला. त्यांतली काही पाठीवर सॅक टाकून खरोखर निघाली. रात्री चालायचं, दिवसा रिकाम्या झोपड्यांत लपायचं, गस्तीची गाडी दिसली की गवतात आडवं व्हायचं, प्रिप्यातच्या एखाद्या फ्लॅटमध्ये मुक्काम टाकायचा. पकडलं तर गुन्हा फार मोठा नसायचा, दंड भरून सुटका व्हायची. मात्र झोनमधून काही बाहेर नेलं तर फौजदारी खटला.

कामिशच्या पुस्तकात हे सगळं आहे, आणि त्यात शौर्यकथेचा सूर नाही. गारठा आहे, चिखल आहे, दारू आहे, ओले बूट आहेत. जंगलातून अचानक समोर उभी राहणारी सोव्हिएत लष्कराची अजस्र रडार भिंत आहे, सुमारे १५० मीटर उंच, अमेरिकेची क्षेपणास्त्रं क्षितिजापलीकडे असतानाच हेरण्यासाठी बांधलेली. स्टॉकर लोक तिच्यावर चढतात. भंगार चोरणारे आहेत. ही टोळकी लोखंड, तांबं, रेडिएटर कापून बाहेर विकत आली आहेत, आणि माझ्या मते झोनची खरी गळती ती आहे. एखाद्या माखलेल्या पाइपचा तुकडा भंगाराच्या बाजारात वितळून कुठल्या घरात जाईल, कोण सांगणार? याच भंगारवाल्यांवर कामिशने नंतर वेगळं लिहिलं. त्याच्या आणखी एका कादंबरीत तर त्याने कल्पना केली की १९८६ मध्ये कीव्हच रिकामं करावं लागलं असतं तर. कीव्हमध्ये वाढलेल्याला ती कल्पना फार दूरची वाटत नाही. स्फोटानंतर पाच दिवसांनी त्याच शहराच्या मुख्य रस्त्यावर १ मेची मिरवणूक काढायला लावली होती, मुलांसकट.

चेर्नोबिलवर याआधी लिहिलं गेलं ते बहुतेक ज्यांच्यावर ते कोसळलं त्यांचं. बेलारूसच्या नोबेलविजेत्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी जवानांच्या बायकांचे, विस्थापितांचे, सैनिकांचे जबाब वर्षानुवर्षं गोळा केले. त्या लेखनात एक ‘आधी’ आणि एक ‘नंतर’ आहे, आणि मधे तुटलेलं आयुष्य. कामिशच्या पिढीला ‘आधी’ नाहीच. त्यांच्यासाठी प्रिप्यात हे गमावलेलं शहर नव्हतं, ते जन्मापासून ओसाडच होतं. म्हणून त्याला तिथे दुःखाबरोबर मोकळंही वाटतं, आणि ते तो लपवत नाही. काही वाचकांना हे खटकतं. ज्या जागेने बापाच्या पिढीला पिळून काढलं, तिथे पोराने दारू पिऊन झोपावं? मला ते अनादराचं वाटत नाही. बापाने जी जमीन सरकारी हुकमाने तुडवली, ती मुलगा हुकूम मोडून तुडवतो आहे. वारसा घेण्याचा हा एक खडतर प्रकार आहे.

मात्र तिथलं पाणी पिणं, तिथे जमिनीवर झोपणं, याचं कौतुक करू नये. झोन ज्या पोलेसिया प्रदेशात येतो, त्या सगळ्या भागात रेताड आणि दलदलीची माती आहे. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते, ही माती ते सोडते, आणि ते झाडपाल्यात, मशरूममध्ये, बेरींत, माशांत चढतं. एकदा प्यायलेल्या पाण्याने लगेच काही होत नाही, आणि याच कारणाने माणूस निर्धास्त होतो. अशा लहान मात्रांचं नुकसान असेल तर ते पुढे कित्येक वर्षांनी, संख्याशास्त्राच्या भाषेत दिसतं. एका माणसाच्या अंगावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

झोनमध्ये सगळेच काही चोरून नव्हते. १९८६ नंतर हजाराहून जास्त गावकरी, बहुतेक म्हाताऱ्या बाया, सरकारचं न ऐकता आपापल्या घरी परतले आणि बटाटे लावत तिथेच राहिले. आता त्यांतले फार थोडे उरलेत. केंद्राच्या उरलेल्या भट्ट्या तर डिसेंबर २००० पर्यंत वीज बनवत होत्या, कामगार रोज येत होते. २०११ पासून अधिकृत पर्यटनही सुरू झालं आणि २०१९ मध्ये, चेर्नोबिलवरची टीव्ही मालिका गाजली त्या वर्षी, १ लाखाहून जास्त लोक तिकीट काढून येऊन गेले. माणूस गेल्यावर लांडगे, लिंक्स, सांबरासारखे मोठे एल्क परतले. १९९८ मध्ये सोडलेले मंगोलियाचे रानटी घोडे आता कळपांनी फिरतात.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन सैन्य बेलारूसमधून याच झोनमार्गे कीव्हच्या दिशेने निघालं. केंद्रातले कर्मचारी बंदुकीच्या धाकाखाली आठवडेच्या आठवडे पाळी न बदलता काम करत राहिले. जड वाहनांनी धूळ उडवली, सैनिकांनी माखलेल्या मातीत खंदक खणले. मार्चच्या शेवटी ते मागे गेले आणि सुरुंग ठेवून गेले. ज्या रानात कामिशला गस्तीच्या गाडीची भीती होती, ते आता युद्धातल्या सीमेवरचं लष्करी रान आहे. पर्यटन थांबलं, स्टॉकरांच्या पायवाटांवर आता पाय टाकणंही जिवावरचं.

स्फोटानंतर घाईने उभारलेला काँक्रिटचा सांगाडा झाकण्यासाठी २०१६ मध्ये त्याच्यावर एक पोलादी कमान सरकवण्यात आली, १०८ मीटर उंच, ३६,००० टन वजनाची. ती १०० वर्षं टिकावी आणि त्या काळात आतला डगमगता सांगाडा यंत्रांनी थोडा थोडा उतरवावा, अशी योजना होती. १४ फेब्रुवारी २०२५ ला एक ड्रोन कमानीवर आदळला, तिच्या छताला भगदाड पडलं आणि आतल्या थरात आग धुमसत राहिली. बाहेरच्या किरणोत्सर्गात वाढ झाली नाही. पण भट्टीतलं बहुतेक इंधन अजून त्याच कमानीखाली आहे, आणि ते बाहेर काढण्याआधी आता कमानच दुरुस्त करावी लागणार आहे.